टॉवेलाखालचा तिसरा हात

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आज सत्तरी ओलांडल्यावरही नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. या सदरातले अनुभव वाचते तेव्हा हसू येतं... प्रत्येकाला नेमकी अमावास्याच कशी सापडते? माझ्या गोष्टीत अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच. भर दुपारचं ऊन होतं आणि म्हसवडचा गुरांचा बाजार माणसांनी फुलला होता. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

साल चौऱ्याहत्तर. मी सांगलीला, विश्रामबागेत खोली घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, माळावर. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बहुतेकांनी गुरं मिळेल त्या भावाला काढली. माझ्या वडिलांनी, आबांनी, काढली नाहीत. आपली खिलार जोडी घेऊन ते जनावरांच्या छावणीत राहिले, तिथेच जेवले, तिथेच झोपले. बैल जगले. आबा मात्र पुढच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेले.

मोठा भाऊ फौजेत. तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं — बैल विकायचे, रान खंडानं दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि आईला माझ्याकडे सांगलीला न्यायचं. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बैल गेले की तिचं गाव सुटणार, एवढं तिला कळत होतं. ती नुसती भाकऱ्या थापत राहिली.

भाऊ ड्युटीवर परत गेला आणि विक्री माझ्या गळ्यात आली. चुलते म्हणाले, "बाईमानसानं सौदा करायचा नसतो. मी जातो." झालं! ‘नसतो’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी स्वतः कासरे धरले आणि जोडी म्हसवडला नेली.

म्हसवड आडबाजूचं असलं तरी जुनं, नावाजलेलं. सिद्धनाथाचं देऊळ, त्याच्या वाटेवर गुलाल-खोबऱ्याची दुकानं, घोंगड्यांचे ढीग, तिथून पुढे माणगंगेच्या कोरड्या पात्रालगत गुरांचा बाजार. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून मी सगळं पाहिलेलं. त्या दिवशी मात्र बैलांपेक्षा माझ्याकडेच जास्त माणसं बघत होती. बघू देत म्हटलं.

जोडी कराडकडच्या एका ऊसवाल्याला पसंत पडली. मध्ये दलाल रामूतात्या. आबांचे जुने ओळखीचे, त्यांचे कित्येक सौदे यांच्याच हातून झालेले. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बाहेरच्याला काही कळत नाही.

तात्या म्हणाले, "पोरी, चुलत्याला बोलीव. टावेलाखाली बाईचा हात आजवर कवा गेला न्हाई."

"मग आज जाऊ दे, तात्या."

आजूबाजूचे हसले. तात्याही जरा हसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला.

त्यांनी माझी बोटं धरली, दाबली. भाव चांगला होता. मी होकाराचा हात दाबणार... तेवढ्यात दुसरा एक हात माझ्या हाताखाली आला. रुंद, खरखरीत. गार नव्हता हो! भुताचे हात म्हणे गार असतात. हा ऊबदार होता, घामेजलेला. त्याच्या करंगळीशेजारच्या बोटाची पेरं तुटलेली होती. आबांचं ते बोट कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गेलं होतं. त्या हातानं माझी बोटं एकेक करून आत मिटली आणि वरून मूठ दाबली. सौद्यात असली खूण नसते. मी सांगलीला निघाले की आबा माझ्या हातात शेंगदाणे द्यायचे आणि असंच करायचे.

भीती नाही वाटली. खोटं कशाला सांगू, संताप आला. माझी कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. आणि जे त्या बाजारात कुणी करत नाही ते मी केलं... टॉवेल सर्रकन ओढून बाजूला टाकला.

आत हात दोनच होते. माझा आणि तात्यांचा. तात्यांची पाचही बोटं शाबूत. माझी मूठ मिटलेली.

मी अजून एक अक्षर बोलले नव्हते, हे लक्षात ठेवा. तात्या स्वतःचा तळवा उलटसुलट करून बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुटकं बोट लागलं मला. पोरी... त्यो तुझ्या बाचा हात व्हता."

ऊसवाला म्हणाला, "आवं, भाव वाढवायचा हाय का? तसं बोला की."

"न्हाई पावनं," तात्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, "ही जोडी इकायची न्हाई."

मी बैल घेऊन माघारी आले. दिवस मावळायच्या आत पोचले. गोठ्यात गव्हाण भरून ठेवलेली. दोन बैलांची वैरण, पाण्याची बादलीसुद्धा. मी आईला विचारलं, "विकायला नेले होते ना? मग ही वैरण कुणासाठी?"

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "हात गेलं सवयीनं." आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तिथेच बसली, आबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडली.

आई शेवटपर्यंत गावातच राहिली. त्याच जोडीवर तिनं पुढे बरीच वर्षं रान केलं.

गावानं सांगितलं शांत करा, नारळ फोडा. मी साफ नकार दिला. बापाची कसली शांत करायची? माझा डॉक्टर भाचा म्हणतो, आत्या, दुःखात असे भास होतात. होत असतील! पण मग तोच भास त्याच क्षणी तात्यांना कसा झाला? त्यांनी नाटक केलं म्हणावं, तर सौदा मोडून दलालाला काय मिळतं? त्यांची तर दलाली बुडाली. इतकी वर्षं मी याचं कारण शोधतेय.

पण मला ‘भूत पाहिलेली बाई’ म्हणू नका. भुतावर माझा विश्वास नाही, म्हणून तर सांगितलं सुरुवातीलाच. आणि बापाचा हात ओळखायला विश्वास लागत नाही.