नवा पट्टा चढवताना

शहाद्याच्या वखारीतला मिस्तरी आरामशीनवर नवा करवती पट्टा चढवला की आधी चाक हातानं फिरवतो. पट्टा मधोमध धावला पाहिजे, नाहीतर सुटून माणूस कापतो. तोंडानं मात्र सारखं पुटपुटतो, "घाई नही, घाई नही."

परवा मी बाभळीचं खोड घेऊन ताटकळत उभा होतो. शेठ आला, चिडला. "किती टाइम लावस रे!" म्हणत त्यानं बटण दाबलं. मिस्तरीचा हात दात्यांवरच होता. मी डोळे मिटले.

मशीन हललंच नाही. मिस्तरीनं खिशातून फ्यूज काढून दाखवला. "शेठ, मन्हा हात आत शे तोवर हाऊ मन्हा खिशात ऱ्हाई." मग माझ्याकडे वळला. "काका, पट्टा आजून एक बाजूले सरकी ऱ्हायना, मधोमध नही. बठा."

कोणी सांगितलं म्हणून मी आजवर बसलो नव्हतो. तिथं खोडावर बसलो.