सरांचं चुकलेलं वाचन

“हे कोण म्हणतं?” असं विचारताना सर चष्मा काढायचे आणि समोरच्या कागदावर, ज्या ओळीबद्दल शंका असेल नेमका तिच्यावर ठेवायचे. लेख पाठवणारा प्राध्यापक तिथेच पुराव्यासाठी पिशवी उपसायला लागे. सवय इतकी जुनी, की शिपाई येऊन “सर, आज दूध नासलं, चहा न्हाई” म्हणाला, तरी सर मान वर न करता विचारायचे, “हे कोण म्हणतं?” तो बिचारा पातेलं आणून दाखवायचा.

आमच्या कळमनुरीच्या कॉलेजातून वर्षाला दोन अंक निघणारी एक संशोधनपत्रिका आहे. मराठवाड्याचा इतिहास आणि भाषा हा तिचा विषय. सर इतिहासाचे. निवृत्त झाले तरी संपादक तेच राहिले, कारण दुसरं कोणी ते काम मागितलंच नाही. मी मराठी शिकवते, त्यांची सहसंपादक. पत्रिकेची खोली म्हणजे ग्रंथालयामागची अर्धी खोली. उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटचे पॅड आणि फाटकी जाळी. पावसाळ्यात सगळ्या लेखांना त्या पॅडचा वास यायचा.

मी सांगते आहे ते पत्रिकेच्या बदलाचं वर्ष. ओळखीच्या माणसाचा लेख आला की छापायचा, ही जुनी रीत सरांनी बंद केली. लेखकाचं नाव झाकायचं, लेख बाहेरगावच्या दोन परीक्षकांकडे पाठवायचा, त्यांनी मान्य केला तरच घ्यायचा. जुने अंक संगणकावर चढवून सगळ्यांना वाचायला खुले करायचे. नावं फक्त मला माहीत असायची. सर स्वतःही कोरा, बिननावाचा लेख वाचायचे. काही प्राध्यापक रुसले. एक जण तर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “बाई, आमचं नाव झाकल्यावर मागं उरतं काय?” सरांना हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

त्याच वर्षी एक लेख आला. डोंगरकड्याकडच्या एका गावाबाहेर जुनी पायऱ्यांची विहीर आहे, बारव. तिच्यातला झिजलेला शिलालेख सरांनी तरुणपणी वाचला होता. यादवांच्या काळात एका सेनापतीने ती बांधली, असा त्यांचा लेख होता. सरांचं नाव झालं ते त्या लेखावर. अभ्यासक त्याचा हवाला देत. गावकऱ्यांनी रस्त्यावर सेनापतीच्या नावाची कमान उभारली. नव्या लेखाचं म्हणणं असं, की हे वाचन चूक आहे. शिलालेख कितीतरी शतकं अलीकडचा, निजामाच्या काळातला आहे आणि त्यात सेनापती नाहीच.

मी तो कोरा लेख सरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा डोळ्यांवरच राहिला. मग ते उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्या टेबलाशी. “बाई, हा लेख मी पाहायचा नाही. माझ्याविरुद्ध आहे म्हणून माझा हात आखडेल, नाहीतर मोठेपणा दाखवायला सैल सुटेल. दोन्ही वाईट. तुम्ही बाहेर पाठवा.”

“सर, कोणाचा आहे हे विचारणार नाही तुम्ही?”

“विचारायचं नाही, हा नियम कोणी केला?” ते म्हणाले.

दोन्ही परीक्षकांनी लेख उचलून धरला. प्राचार्य हादरले. कॉलेजची तपासणी तोंडावर आली होती. “सर, संपादकाचीच चूक त्यांच्याच पत्रिकेत? पुढच्या वर्षी छापू की. तकलीफ काय आहे?”

“चूक माझी आहे,” सर शांतपणे म्हणाले. “तिचा मुहूर्त तुम्ही काहून काढता?”

निर्णय झाल्यावर नाव उघडं झालं. नाझिया. कळमनुरीचीच, वडिलांचं कापडाचं दुकान, पीएच.डी. करणारी. सरांनी तिला बोलावून घेतलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. सर म्हणाले, “बेटा, मला तो दगड दाखवशील?”

आम्ही तिघं गेलो. उतरत्या उन्हाची वेळ होती. सर पायऱ्यांवर दर दोन-तीन पावलांनी थांबत होते. मला वाटलं, वय झालं. नाझियानं पाण्यानं दगड पुसला, पिशवीतून घरचा आरसा काढला आणि उन्हाचा कवडसा अक्षरांवर आडवा पाडला. सपाट दगडावर एकेक खोबण काळी होऊन वर आली. सरांनी बोट ठेवलं, एका अक्षरावरून दुसऱ्यावर नेलं, परत आणलं.

“तुम्ही कसं वाचलं होतं सर?” तिनं दबकत विचारलं.

“खडू घासून. त्या वेळी सगळे तसंच करायचे. जिथं अक्षर दिसत नव्हतं तिथं मी खडूनं पुरं केलं.” ते पायरीवर बसले. “म्हणजे मी दगड वाचलाच नाही गं. मी माझा खडू वाचला.”

नाझियाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी तिच्या हातातला आरसा घेतला. “रडतेस काहून? बराबर वाचलंस. आता खालची ओळ दाखव.”

अंक निघाला. पहिल्या पानावर नाझियाचा लेख, मागोमाग सरांचं निवेदन. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. “गावानं कमान माझ्या शब्दावर उभी केली. अंक गावात कोण वाचतो? मला जाऊन सांगावं लागेल,” म्हणाले.

मंदिरापुढच्या पारावर माणसं जमली. सरांनी उभं राहूनच सांगितलं. आधी कोणाला खरंच वाटेना. मग सरपंच उठले. “सर, तुमीच सांगितलं आन् आता तुमीच फिरून राहिले? पाहुण्यारावळ्यायला आमी अभिमानानं दाखवतो. आता काय सांगावं लोकायला?”

“माझं नाव सांगा. सर चुकले म्हणा.”

“सोपं हाये तुमाला!” मागून कोणीतरी ओरडलं.

“न्हाई बाबा,” सर म्हणाले. “सोपं न्हाई.”

असं आवाज खाली आणून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीनं विचारलं, “मंग बांधली कोणी?”

सरांनी नाझियाकडे पाहिलं. ती पुढे झाली. “एका बाईनं, आजी. माळ्याच्या घरची, साळाई नावाची. नवरा वारल्यावर बांधून घेतली. वाटसरूला पाणी मिळावं म्हणून.”

“बाईचं नाव दगडावर हाये?” म्हातारी म्हणाली. “आन् येवढ्या दिसात आमाला कुणी सांगितलं न्हाई?”

सरांनी तिला हात जोडले. कमान मात्र आजही तशीच आहे. गाव अजून दोन मनांचं आहे.

परतीच्या वाटेवर आखाडा बाळापूरला आम्ही चहाला थांबलो. सरांनी चहा घेतला नाही, पाणीही मोजकंच प्यायले. मी फार आग्रह केला तेव्हा कळलं, की आठवड्यातून दोनदा ते नांदेडला डायलिसिसला जातात. वर्षभर जात होते. बदलाची एवढी घाई त्यांना कशाची होती, ते मला तिथे कपबशी हातात धरून समजलं. “कोणाला सांगू नका,” म्हणाले. “लोक लेखापेक्षा तब्येतीचंच विचारत बसतील.”

उन्हाळा सुरू होता होता सर गेले. जुने अंक सगळ्यांसाठी खुले झाले, ते त्यांना पाहायला मिळालं नाही. आता संपादक म्हणून माझं नाव छापतात. नाझिया संपादक मंडळावर आहे. लेख लांबून लांबून येतात. खोलीही पूर्ण मिळाली. तुम्ही कधी आलात तर तुम्हाला सगळं नीटनेटकं दिसेल आणि काहीतरी कमी आहे हेही जाणवेल.

परवा सरांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. आवाज जपून वापरत होती.

“मॅडम, बाबांचं नाव इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी त्यांची चूकच येते. आयुष्यभर काम केलं त्यांनी. माझी मुलंही वाचतील. ते निवेदन काढता नाही येणार?”

काढता आलं असतं. माझ्याच हातात होतं. मी म्हटलं, “ताई, तुम्ही ते वाचलंय का?”

“नाही. वाचवत नाही.”

मी तिला वाचून दाखवलं. छोटंसंच आहे. ‘माझे वाचन चुकले. नव्या लेखिकेचे वाचन बरोबर आहे. माझा जुना लेख काढून टाकू नये आणि हे निवेदनही काढू नये. चूक कशी होते आणि ती झाल्यावर माणूस मरत नाही, हे विद्यार्थ्यांना दिसावे.’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला.

“हे त्यांनी स्वतः लिहिलं?”

“हो.”

“कोणी लिहा म्हटलं म्हणून नाही?”

“नाही ताई. सगळे नका लिहू म्हणत होते.”

“मग राहू द्या,” ती म्हणाली.

फोन तिनंही ठेवला नाही आणि मीही.