हॅलोमामा आणि ताईचं बटण

त्याचं खरं नाव बायकोला आठवत असेल तर असेल, बाकी सगळे त्याला हॅलोमामाच म्हणत. घरोघर फोन बसवायचा धंदा. जोडणी झाली की रिसीव्हर कानाला लावून हा इतक्या खणखणीत आवाजात ‘हॅलो’ म्हणायचा, की शेजारची माणसं दार उघडून बघत.

आता वय झालं होतं. जिने चढताना गुडघे कुरकुरत, पण गुडघ्यांपेक्षा जीभ जास्त शिणली होती. घरोघर तेच सांगायचं, की बाबांनो, लाइट गेली की हा फोन गेला. जुना फोन तारेतूनच आपली शिदोरी घेऊन यायचा, घरात मिट्ट अंधार असला तरी वाजायचा. हा इंटरनेटचा फोन म्हणजे घरजावई. घरच्या विजेवर पोसायचा, वीज नाही तर तोंडातून शब्द नाही. लोक मान डोलवत, आणि लाइट गेली की शिव्या मामालाच.

एका घरी मात्र त्यानं हे सांगितलंच नव्हतं. ते घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. ताईला काय शिकवायचं, म्हणून घाईत तारा जोडून निघून आला होता.

मग एक दिवस ताईच्या लेकाचा, म्हणजे भाच्याचा फोन आला. आई आणि लेकाचं बिनसलं होतं. माझ्याकडे राहायला चल, म्हणून लेक हटून बसला, ती हलेना, आणि जाताना तो नको ते बोलून गेला. आता त्याला परदेशी नोकरी लागली होती, रविवारी निघायचं होतं. आईला किती फोन केले, तर दरवेळी बंद.

“मुद्दाम बंद ठेवते मामा. नसेल बोलायचं तिला, तर मी असाच जातो.”

मामा म्हणाला, मी तिच्याकडे जातो, माझ्या मोबाइलवर बोल. त्यालाही भाचा तयार होईना. तू समोर बसवलंस म्हणून बोलेल ती, त्यात काय अर्थ, म्हणाला. दोघांचा हट्ट एकाच साच्यातला.

मामा पाय ओढत ताईकडे गेला. ती आधीच फुगलेली. मेल्यानं एक फोन केला नाही, विसरला आईला, असं बराच वेळ चाललं. मामाची नजर भिंतीकडे गेली. फोनला इंटरनेट देणाऱ्या डबीवर एकही दिवा लागलेला नव्हता, आणि खालचं बटण बंद.

“ताई, हे कुणी बंद केलं?”

“मीच. बोलणं झालं की बंद करते. रिकामं कशाला जळत ठेवायचं?”

जन्मभर या बाईनं रिकाम्या खोलीत दिवा जळू दिला नव्हता. पोरांच्या मागे फिरून बटणं बंद केली होती.

“बोलायचं असलं की लावते की मी,” ती म्हणाली.

“आणि दुसऱ्याला तुझ्याशी बोलायचं असलं तर?”

ताईनं बटणाकडे बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, “म्हणजे तो करत होता?”

मामानं बटण दाबलं. काही झालं नाही. त्या दिवशी नेमकी लाइटच गेलेली. तो मटकन स्टुलावर बसला. त्याच्या पिशवीत दुसऱ्या गिऱ्हाइकाची बॅटरी होती. तिथं उशीर झाला तर बोलणी खायची होती, पण ती रोजचीच. त्यानं बॅटरी डबीला जोडली, दिवे लुकलुकले. जिन्यात जाऊन मोबाइलवरून भाच्याला सांगितलं, आता कर. बटणाचं काय ते तिच्याकडूनच ऐक.

फोन वाजला. ताईनं तो थोडा वाजू दिला, मग उचलला.

“हो, मीच बंद करत होते. राग नव्हे रे, बटण. अरे, वीज वाचावी म्हणून... हसतोस काय गाढवा?”

मग ती ऐकू लागली. रविवारचं कळलं असावं, कारण तिनं भिंतीला हात टेकला. मला विचारावंसं नाही वाटलं का, इथपासून भांडणाला सुरुवात झाली, आणि दोन्हीकडून साठलेलं बाहेर येऊ लागलं. मामानं डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं. मधेच ताईनं रिसीव्हरवर हात ठेवला.

“अरे, पुरेल ना रे ही तुझी बॅटरी?”

“पुरेल. बोल तू,” मामा डोळे न उघडताच म्हणाला.