टॉयलेटजवळची सीट

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये विमानप्रवासाची रंगीत तालीम झाली. कूलरसमोर, भिंतीला लागून डायनिंगच्या तीन खुर्च्या... आणि पुढे इस्त्रीचं टेबल, म्हणजे पुढची सीट.

झालं असं, की माझी बहीण कॅनडात असते आणि तिचे दिवस भरत आले होते. बाबा नाहीत, त्यामुळे बाळंतपणासाठी आईला एकटीनंच जायचं होतं. नागपूरहून दिल्ली, आणि तिथून पुढे अख्खी रात्र, वर आणखी काही तास विमानात.

आईला बीपी आहे आणि पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक म्हणजे झोप नीट झाली पाहिजे. दुसरं, पाणी पीत राहायचं आणि मधूनमधून चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते. त्यातली झोप मी मनावर घेतली... पाणी काय, विमानात मागितलं की मिळतंच.

मला कुठलीही वस्तू तुलना केल्याशिवाय घेता येत नाही. साधा मिक्सर घ्यायचा तरी मी महिनाभर रिव्ह्यू वाचतो, आणि तोवर आपण पाट्यावर वाटत होतो असं पल्लवी, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगत फिरते. सीटच्या बाबतीत तर मी कंबरच कसली.

बिझनेस क्लासमध्ये सीटचा चक्क पलंग होतो, पण ते आपल्या आवाक्याबाहेर. प्रीमियम इकॉनॉमीत पाठ जरा जास्त मागे जाते, पायाखाली आधारही असतो, पण आमच्या विमानातल्या त्या सीट संपलेल्या. काही कंपन्या तीन सीट जोडून सोफा करून देतात म्हणे... आमच्या मार्गावर ती सोय नव्हती.

उरली साधी इकॉनॉमी. इमर्जन्सी दारापाशी पाय पसरता येतात, पण तिथे धडधाकट माणसालाच बसवतात. शेवटच्या रांगेची पाठ मागे जात नाही. टॉयलेटजवळच्या सीटवर तर बघावं त्या वेबसाइटनं लाल खूण केलेली... दाराचा आवाज, दिवा, उभी असलेली रांग. सगळ्यात बरी खिडकीची. डोकं टेकवता येतं आणि मधे कोणी उठवत नाही.

तर तालीम. आई भिंतीकडे, म्हणजे खिडकीत, मधे पल्लवी आणि कडेला मी. आईनं टॉवेलची घडी मानेशी लावली आणि टीव्हीवरची सिरियल संपायच्या आत ती घोरायलाही लागली. मी खूश. खिडकी बुक करायला मोबाइल हातात घेतलाही होता.

आईला जाग आल्यावर पल्लवीनं पाणी दिलं. आईनं नुसते ओठ ओले केले आणि ग्लास परत दिला... तेही मे महिन्यात. पल्लवीनं विचारलं, "आई, पाणी काहून नाही घेत?"

"मंग उठा लागते न वं. तिथं मधात परके माणसं राहतीन. झोपलेल्या माणसाले उठवणं बरं दिसते काय?"

"उठवाचं मंग. त्यात काय?" मी म्हणालो.

"काही होत नाही गा, सवय आहे मले. दुकानात मी संध्याकाळपावेतो पाणी पितच नव्हती."

आई इतवारी बाजारात एका होलसेल कापड दुकानात हिशेबाला होती. मी शाळेत असल्यापासून ते अगदी अलीकडेपर्यंत. दुकानात बायकांसाठी टॉयलेट नव्हतं... त्या अख्ख्या गल्लीतच नव्हतं. म्हणून सकाळी डबा घेऊन निघाली की घरी येईपर्यंत ती पाणी टाळायची. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. पल्लवी खुर्च्या उचलायला लागली.

खिडकीत आईला झोप लागली असती. पण घोटभर पाणी न पिता, जागची न हलता ती थेट कॅनडात उतरली असती... आणि डॉक्टरांना भीती होती ती नेमकी याचीच.

मी ती लाल खुणेची सीट बुक केली. कडेची, टॉयलेटजवळ. लांबची कडेची घेतली असती, तर सगळ्यांसमोरून चालत जायच्या संकोचानंही तिनं पाणी टाळलं असतं. आई नाराज झाली, "तिथं वास येईन," म्हणाली. पल्लवी म्हणाली, "येऊ द्या. तुम्हाले कोणाले उठवा तर नाही लागणार."

आई पोहोचली तेव्हा बहिणीनं एअरपोर्टवरूनच व्हिडिओ कॉल लावला. मी आधी झोपेचंच विचारलं.

"झोप कायची गा... रातभर तो दरवाजा वाजून राहिला होता." मग हसून म्हणाली, "पण पाणी पेली. मांगून मांगून पेली."

पायाला सूज होती, पण नेहमीइतकीच. आई 'मांगून मांगून' म्हणाली तेव्हा मला भरून आलं, म्हणून मी फोन पल्लवीकडे दिला. हे सगळं तिच्या एका प्रश्नामुळे कळलं. तिचे आभार इथेच मानतो, घरी मानले तर ती हसते.

आणि आई, येतानाची सीटही तिथलीच घेतली आहे. झोप घरी आल्यावर काढू... तू पाणी पी.