झेंडूच्या माळेआडचं चुंबक

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला ती माहीत नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मी तेवढी टाळून पुढच्या मागण्यांवर येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या कंपनीच्या गेटवर भेटणारही नाही. फक्त एक करा — मधेच "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे. ते मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता दुसऱ्या कोणी म्हटलं तर माझा हात उठेल.

सिल्वासाजवळ खडोलीला आमची कंपनी आहे. प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं बनतात. मी तिथे लाइन इनचार्ज — म्हणजे वरून साहेबांचं ऐकून घ्यायचं आणि खाली ऑपरेटरांना ऐकवायचं, असं काम. मूळ मी शिरपूरकडचा. भटूही माझ्याच गावचा. मागच्या गल्लीतला, माझ्यापेक्षा लहान, मला "भो", म्हणजे भाऊ, म्हणणारा. त्याला इथे मीच आणलं. आमच्याच चाळीत खोली बघून दिली, मशीनवर उभं राहायला शिकवलं, त्याच्या वरातीत नाचलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाबद्दल बोलतोय ते तुम्हाला कळेल. की हेही मी माझा चांगुलपणा दाखवायलाच सांगतोय? असेल. माझा मलाच भरवसा नाही.

मशीनचं थोडं समजून घ्या. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात जातं, साचा उघडतो, झाकण तयार. पुढे एक सरकतं दार असतं. ऑपरेटरनं दार उघडलं की मशीन थांबतं, त्यानं झाकण काढून दार लावलं की पुन्हा सुरू. दार उघडं असताना साचा मिटू नये म्हणून दारावर सेन्सर असतो. पण दर झाकणाला दार उघडा, दार लावा — यात वेळ जातो. म्हणून सेन्सरवर एक छोटं चुंबक चिकटवायचं. मग दार उघडं असलं तरी मशीनला ते लागलेलंच वाटतं. साचा आपला ठरल्या वेळानं मिटत-उघडत राहतो आणि ऑपरेटरनं मधल्या वेळात हात घालून झाकण उचलायचं. माल भराभर निघतो. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर चुंबक होतं, आणि प्रत्येक मशीनच्या वर "दार लावूनच काम करा" असा बोर्डही होता. साहेब दोन्हींच्या समोरून रोज फिरायचे.

वर्षातून एक दिवस मात्र चुंबकं उतरायची. दसऱ्याला. मालक मुंबईहून सहकुटुंब यायचे, भटजी यायचे, मशीनला हळदकुंकू लागायचं, दारावर झेंडूची माळ चढायची. त्याआधी मी फिरून सगळी चुंबकं काढायचो आणि पेढ्याच्या रिकाम्या डब्यात भरायचो. आत ती एकमेकांना घट्ट चिकटून बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. दसऱ्याला मशीन चालवायची वेळ आलीच, तर दार लावून, सावकाश. देवाचा दिवस, त्या दिवशी चुंबक नाही — हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. बाकी वर्षभर देव कुठे असायचा, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या दसऱ्याला पूजा आटोपली, मालकांची गाडी गेली, कॅन्टीनमध्ये फाफडा-जिलेबी वाटली. मग भटूचं मशीन सुरू झालं, कारण एक ऑर्डर त्याच संध्याकाळी निघायची होती. पहिलंच झाकण साच्यात अडकलं. भटूनं दार उघडलं — दार उघडलं म्हणजे मशीन थांबलं, त्यात आज दसरा — आणि निवांतपणे हात आत घातला. साचा मिटला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात मीच त्याला नेलं. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो एकसारखा म्हणत होता की मशीन येडं झालं. इकडे कंपनीत सेफ्टीवाल्यांनी दारावरची माळ बाजूला केली, तर मागे चुंबक.

हाताचं बँडेज सुटायच्या आत त्याला आरोपपत्र मिळालं. सुरक्षेची यंत्रणा बंद पाडली, स्वतःचा जीव धोक्यात घातला, कंपनीचं नुकसान केलं — तर कामावरून का काढू नये? वाचून मला संताप आला. खोटं नाही सांगत, खरंच आला. ज्या चुंबकांच्या जोरावर साहेबांना वरून शाबासकी मिळायची, तेच चुंबक आता भटूचा गुन्हा झालं होतं. मी चाळीच्या नळावर उभा राहून साहेबांना शिव्या घातल्या. सगळ्यांनी ऐकल्या. लोकांना वाटलं, काय जीव लावतो हा भटूला.

अशा चौकशीत कामगाराला आपल्या बाजूनं एक सहकारी बसवता येतो. त्याची बाजू मांडायला, त्याच्या वतीनं बोलायला. भटूनं कोणाचं नाव दिलं असेल? माझं. दुसरं कोणाचं देणार होता तो?

चौकशी वरच्या एसी खोलीत झाली. वापीहून आणलेले एक वकील, पुण्याचे आमचे साहेब, लिहून घेणारा एक क्लार्क, आणि टेबलाच्या अलीकडे आम्ही दोघं. वकिलांनी चुंबक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "ये किसने लगाया?" भटू म्हणाला, "साहब, मैंने नहीं लगाया. दसरे को कोई नहीं लगाता." त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं खरं वाक्य हे एवढंच. पण वकिलांना त्यातलं काय कळणार? त्यांना दसऱ्याचा आणि चुंबकाचा संबंध लागेना. भटूनं माझ्याकडे पाहिलं. आता तू समजावून सांग, असं त्याचं पाहणं होतं. सांगता आलं असतं. चुंबकं कधी लागतात, कधी उतरतात, कोण उतरवतं, डबा कुठल्या कपाटात असतो — अख्ख्या कंपनीत हे माझ्याएवढं कोणाला माहीत होतं? मी पेनाचं टोपण काढत-लावत बसलो.

मग चहासाठी थांबले. मी भटूला हात धुवायच्या बेसिनकडे नेलं. म्हटलं, बघ भटू, सापडलंय तुझ्या मशीनवर. नाही-नाही करत बसलास तर काढतीलच. चूक झाली म्हण, माफी माग, साहेब तुला गेटवर किंवा पॅकिंगला लावून घेतील. असं साहेब मला म्हणाले होते का? नाही. ते मी तिथल्या तिथे, ओल्या हातानं, मनानं बनवलं.

भटू म्हणाला, "पण ते चुंबक मन्हं नही ना, भो."

मी म्हणालो, "माहीत आहे मला."

त्यानं डाव्या हातानं नळ बंद केला. मग म्हणाला, "तू सांगशी तसं."

आत जाऊन त्यानं कबूल केलं. चांगला बारावी शिकलेला माणूस, पण सही करायला हात नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा लावला. वकिलांनी मला विचारलं, "आपको इनकी तरफ से कुछ कहना है?" मी नाही म्हणालो. त्याला कामावरून काढलं. माफी मागितली म्हणून ठेवायचं सोडा, त्या माफीवरच काढलं.

तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. चुंबक मी लावलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मालकांची गाडी गेटबाहेर पडल्या-पडल्या साहेब मला म्हणाले होते, संध्याकाळी ऑर्डर गेली पाहिजे, कसं ते तू बघ. "कसं" म्हणजे काय, हे आमच्याकडे न सांगता कळायचं. आणि चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हटलं, की भटूला नीट समजावा, तुमचं ऐकतो तो. त्यांना सगळं माहीत होतं. डोळ्यांतलं कळतं ना माणसाला? अजून ते समोर आले की माझ्या डोक्यात रक्त चढतं आणि मी वाकून "गुड मॉर्निंग सर" म्हणतो.

पण थांबा. बघा, मी पुन्हा साहेबांवर आलो. हीच माझी सवय. साहेबांनी चुंबकाला हात लावला नव्हता. भटू कॅन्टीनमध्ये होता तेव्हा त्याच्या मशीनपाशी मी गेलो, माळ उचलली, चुंबक चिकटवलं, माळ पुन्हा नीट केली. माझी बोटं पिवळी झाली होती. ती मी पँटला पुसली.

मग मी भटूला सांगितलं का नाही? पुढे कित्येक वर्षं याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं — विसरलो. सणाचा दिवस, गडबड, कोणीतरी हाक मारली, राहून गेलं. छान उत्तर आहे. माणूस विसरतो. त्याला कोण काय म्हणणार? त्या उत्तराच्या जोरावर मी जेवलो, झोपलो, मुलीचं बारसं केलं.

मी विसरलो नव्हतो.

भटू कॅन्टीनमधून येताना मला लांबून दिसला. हातात जिलेबीचा कागद, बोटं चाटत येत होता. ती बोटं. माझ्या ओठांवर आलं होतं, की बाबा, चुंबक चढवलंय. पण मला माहीत होतं, तो हुज्जत घालेल. आज नको भो, देवाचा दिवस, म्हणेल. चार लोकांत म्हणेल. त्याच्या आईसारखाच तो, देवाच्या बाबतीत ऐकायचा नाही. आणि मला, का कोण जाणे, त्याचा राग आला. ज्याला मी इथे आणलं, उभं राहायला शिकवलं, तो मला देवधर्म शिकवणार? मी मनात म्हटलं — कळेल त्याचं त्याला पहिल्याच झाकणाला.

आणि मी पाठ फिरवून दुसऱ्या मशीनकडे गेलो.

हे ते. साहेबांना घाबरलो, नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, हे सगळं नंतरचं आहे आणि तेही खरं आहे. पण मुळाशी हे आहे. माझ्या भावासारख्या माणसाला धडा मिळावा, असं मला वाटलं होतं. धडा म्हणजे काय वाटलं होतं? दचकेल, हात मागे घेईल, मला शिव्या देईल? त्या मशीनवर मी स्वतः उभा राहिलेलो आहे. साचा कसा मिटतो हे मला माहीत होतं.

मी अजून तिथेच आहे. अपघातानंतर काही दिवस चुंबकं गायब झाली, मग एकेक करून परत आली. डबा माझ्याच कपाटात असतो. भटूची बायको सायली गावातल्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते, तो राखोलीच्या पुलाजवळ मोबाइलच्या रिचार्जचं टेबल टाकून बसतो. त्याचा माझ्यावर संशय नाही. याचाही मला राग येतो. कधीतरी वाटतं, त्यानं एकदा कॉलर धरावी. पण तो धरत नाही, आणि मी सांगत नाही.

अपघातानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तो आमच्या दाराशी आला. नवा शर्ट, बाह्या खाली सोडलेल्या. बायकोनं आतून ओरडून सांगितलं, भटूभाऊ सोनं द्यायला आलेत. तो दारात उभा, हातात आपट्याची पानं. म्हणाला, "डावा हात शे भो, राग नको मानू."

मी उजवा हात पुढे करून सोनं घेतलं. मग तो माझ्या पाया पडायला वाकला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.