बाईचं काम

त्यांना मी मनातल्या मनात ‘बाई’ म्हणायचे. आपल्याकडे नाटकातल्या ज्येष्ठ नटीला म्हणतात तसं. समोर काय म्हणायचं हा प्रश्नच होता, कारण रशियन माणसाला मान द्यायचा तर नुसत्या नावानं भागत नाही, मागे बापाचं नाव लावावं लागतं, आणि त्यांच्या वडलांचं नाव माझ्या जिभेवर कधी सरळ बसलं नाही. म्हणून मी हाक मारायचंच टाळायचे. जवळ जाऊन उभी राहायचे आणि त्या बघेपर्यंत थांबायचे.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. बुकित तिमाहच्या एका जुनाट कॉन्डोत आम्ही भाड्यानं राहत होतो. नवरा संशोधनाच्या नोकरीत आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर परदेशात. नागपुरात मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. इथे सकाळी अर्ज पाठवायचे आणि दुपारी उत्तर आलं नाही म्हणून कुढत बसायचे. आमच्या खालच्या मजल्यावर बाई, त्यांची मुलगी, जावई आणि नात राहायची. मुलगी-जावई दोघं जहाजांना तेल विकणाऱ्या कंपनीत, त्यामुळे नातीला सांभाळायला म्हणून बाईंना इथे आणलेलं. नातीला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, सूप पाजायचं आणि तिच्याशी रशियन बोलायचं, ही त्यांची नोकरी. नात ऐकून घ्यायची आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची, “कॅनॉट लाह, टू हार्ड.”

पोहण्याच्या तलावाकाठी आमची ओळख झाली. काय करत होता म्हणून मी विचारलं, तर त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, “आर्टिस्ट.” मी आठवडाभर त्यांच्याशी चित्रांबद्दल बोलत होते. तैलरंग, जलरंग, काय काय विचारलं. त्याही बिचाऱ्या मान डोलवत होत्या. शेवटी कळलं की रशियनमध्ये आर्टिस्ट म्हणजे नट. त्या नटी होत्या आणि चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

पण नटी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं बाईंच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. पाच फुटांना त्या बऱ्याच कमी. नाट्यशाळेत पहिल्याच वर्षी मास्तरांनी उंची पाहिली, आवाज ऐकला आणि शिक्का मारला, त्रावेस्ती. म्हणजे पोरांची कामं करणारी बाई. तिकडे गावोगाव मुलांसाठी नाटकं करणारी सरकारी थिएटरं असत, बारमाही आणि पगारी. त्यांतले खोडकर मुलगे, ससे, कोंबडे हे सगळं खरी पोरं करत नसत, अशा लहान चणीच्या बायका करत. आपल्याकडे एके काळी पुरुष स्त्रीपार्ट करायचे, त्यांच्याकडे बायका पोरपार्ट करायच्या. फरक एवढाच की आपल्या त्या पुरुषांना शालू मिळाले, दागिने मिळाले, लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला. बाईंना मिळाला कापूस भरलेला सशाचा डगला.

छाती पट्टीनं आवळून बांधायची. केस जन्मभर पोरासारखे कापलेले. मुलगी पोटात असताना डगल्याची शिवण उसवेपर्यंत ससा केला. उड्या मारून मारून पन्नाशीत गुडघे गेले तेव्हा थांबल्या. त्या एकदा म्हणाल्या, “आमचं असं असतं. पोरगा असतो, पोरगा असतो, आणि एक दिवस एकदम म्हातारी. मधलं काहीच नाही. प्रेयसी नाही, बायको नाही, आई नाही. स्टेजवर मला कधी कुणी मिठी मारली नाही. कान ओढले.”

हे सांगताना त्या हसत नव्हत्या, आणि मलाही हसू आलं नाही. मला रागच आला. कुणाचा ते कळेना. बहुतेक त्या मास्तरांचा.

त्यांच्या वर्गातल्या बाकीच्यांचं तरी काय बरं झालं होतं! एक देखणा होता, तो सिनेमात लष्करी अधिकाऱ्यांची कामं करायचा. देश मोडला तसे सिनेमे बंद पडले, पोट सुटलं, आणि तो लग्नांत सूत्रसंचालन करू लागला, तेही जुना गणवेश घालून. एक जण परदेशी जाऊन दुकानाच्या दारात पहारेकरी झाला. एकीनं तरुणपणी एक सिनेमा केला, तो अख्ख्या देशानं पाहिला. ती दारूनं गेली. थिएटरचे पगार महिनोन् महिने थांबले तेव्हा बाईंनी बाजारात मोजे विकले. आणि आता टीव्हीवर मालिकांचं पीक आलेलं. मुलगी त्यांना सीडी आणून द्यायची. त्यांत कधी कुणी वर्गमैत्रीण सासूच्या कामात दिसायची. बाई पडद्यासमोर बसून म्हणायच्या, “ही मला आपल्यामागे लपवायची. ती झाड होती, मी ससा.”

नात कधी म्हणाली, आजी, तो ससा करून दाखव ना, तर त्या सरळ सांगायच्या, “ससा मेला.”

एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या त्या घामाघूम. लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं, तसल्या गुडघ्यांनी वर आलेल्या. त्यांच्या गावच्या मोठ्या थिएटरातून, म्हणजे मोठ्या माणसांच्या नाटकांच्या थिएटरातून फोन आला होता. तिथला आताचा प्रमुख त्यांच्या हाताखाली शिकलेला. नवं नाटक बसवत होता. त्यात एक आई होती. मुलगा लढाईवर गेलेला, आणि शेवटच्या अंकात एक अधिकारी तो गेल्याची बातमी घेऊन येतो. आईचं काम बाईंना. “आई,” त्या म्हणाल्या आणि आमच्या सोफ्यावर बसून रडल्या. मी पाणी आणायला गेले आणि स्वयंपाकघरात थोडी मीही रडले. मला तेव्हा कुणी कशालाच बोलावत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याला आलेलं बोलावणंही मला लागायचं.

आता तालीम कुणाबरोबर करायची? मुलगी-जावई रात्री दमून येणार, नात ‘कॅनॉट’ म्हणणार. राहिले मी, आणि मला रशियन शून्य. मग मी डोकं चालवलं. समोरच्या पात्रांची वाक्यं बाईंनी सावकाश म्हणायची आणि मी ती देवनागरीत उतरवून घ्यायची. आपली लिपी इतकी गुणाची की नीट ऐकलं की बसतंच. ‘मामाशा, स्याद्ते’ असं मी अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणायचे, म्हणजे आई, बसा. मामा म्हणजे आई, हे काही मला शेवटपर्यंत पचलं नाही. त्यावर बाई उलट त्यालाच बसायला सांगायच्या, “सादीस, सिनोक.” बस, बाळा. आधी जेव, पाय ओले आहेत तुझे, बातमी मग सांग. अर्थ मला एकदाच समजावला, पुढे फक्त आवाज. तरी रोज त्या वाक्याशी मी डोळे पुसायचे. नवरा म्हणाला, तुला न कळणाऱ्या भाषेत रडू येतं हे फारच झालं.

आणि मग ते कागद पडले. पंख्याच्या वाऱ्यानं बाईंच्या संहितेची पानं टेबलावरून खाली गेली. मी चटकन वाकून उचलली, कपाळाला लावली आणि त्यांच्या हातात दिली. आमच्या घरात देव नव्हते. वडील बौद्ध, घराण्यात पहिले शाळेत गेलेले. पण पुस्तक खाली पडलं तर ते कपाळाला लावल्याशिवाय जागेवर जात नसे. अक्षरानं आपल्याला माणसांत आणलं, असं ते म्हणायचे. हात आपोआप गेला.

बाई पांढऱ्या पडल्या. त्यांच्याकडे रीत अशी की भूमिकेचे कागद पडले तर आधी त्यांच्यावर बसायचं. असाल तिथे, असाल तसं, चिखल असो की रस्ता. बसून मग उचलायचे. नाहीतर काम फसतं. त्यांनी पानं घेतली, परत जमिनीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “उचललीस तू. बस.”

मी म्हटलं, “मी कागदावर बसणार नाही.”

“एक मिनिट बस.”

“एक मिनिटही नाही. मला जमणारच नाही ते.”

अंधश्रद्धा, अडाणीपणा, असं काहीबाही मी बोलले. त्याही रशियनमध्ये काही बोलल्या, त्याचं भाषांतर मी मागितलं नाही. मग त्या स्वतःच खाली बसल्या, गुडघ्यांचा आवाज झाला, आणि त्या पानांवर बराच वेळ बसून राहिल्या. म्हणाल्या, उशीर झाला, पण बघू. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘मामाशा, स्याद्ते’ सुरू.

पावसाळी हवेच्या एका सकाळी त्या गेल्या. मुलीनं पार्टटाइम मदतनीस ठेवली. मी निरोप द्यायला खाली गेले तेव्हा बाई आरशात बघून लिपस्टिक लावत होत्या. पहिल्यांदाच त्यांना लिपस्टिक लावलेली बघितली. छान दिसत होत्या, आणि मी तसं सांगितलंही.

चिनी नववर्षाचे लाल कंदील उतरायच्या बेतात असताना त्या परत आल्या. मला तोवर एका शाळेत बदली शिक्षिकेचं काम मिळालं होतं. मी सुट्टीच्या दुपारी खाली गेले. मुलीनं मला आधीच सांगितलं होतं की नाटक जोरात चाललं, तिकिटं मिळत नव्हती. बाईंनी चहा ओतला, त्यांच्या रीतीनं सोबत चमचाभर जॅम दिला. मी म्हटलं, ऐकलं मी, अभिनंदन.

“तिकिटं खरंच मिळत नव्हती,” बाई म्हणाल्या. “मुलीला तेवढंच सांगितलंय.”

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पहिल्या खेळाला थिएटर गच्च. शेवटच्या अंकात अधिकारी आला, मामाशा म्हणाला. बाईंनी तोंड उघडलं, “सादीस, सिनोक,” आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग पुढे कुणीतरी. मग सगळं थिएटर. गावातली चाळिशी-पन्नाशीची सगळी माणसं शाळेच्या रांगेतून बाईंचा ससा बघत मोठी झालेली. त्यांनी तो आवाज ओळखला होता. पहिल्या रांगेत एक टकला, आडदांड माणूस हसून हसून डोळे पुसत होता. “वाईट मनानं नाही हसले,” त्या म्हणाल्या. “प्रेमानं हसले. हुर्यो उडवली असती तर मी उभी राहिले असते गं. त्या प्रेमापुढे काय करणार?”

दुसऱ्या खेळाला गाव लोटलं ते ससा ऐकायलाच. काही खेळ प्रमुखानं कसेबसे रेटले. मग काम दुसरीला दिलं. बाईंचा हात धरून म्हणाला, नववर्षाच्या मुलांच्या खेळांत ससा करा, लोक वेडे होतील.

“केलात?”

“केला. दिवसाला तीन-तीन खेळ.”

माझ्या तोंडून गेलं, “ते कागद मी उचलले म्हणून…”

“कागदांचं नाव काढू नकोस,” त्या म्हणाल्या. “कागदांवर मी पुरेशी बसले होते.”

मी चिडले होते. त्या गावावर, त्या टकल्यावर. म्हटलं, “मी इतक्यांदा ऐकलंय ते वाक्य. मला एकदाही हसू आलं नाही. मला तर तुम्ही पहिल्या दिवसापासून आईच वाटलात.”

बाईंचा चेहरा जरा उजळला. “हो,” त्या म्हणाल्या. “विमानात मी तेच मनात म्हणत होते.”

तिथेच थांबायचं होतं. पण मला कुतूहल. मी विचारलं, “होता तरी कसा तो ससा?”

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून न उठता दोन वाक्यं म्हटली. मला शब्द कळले नाहीत, पण समोर दहा वर्षांचा एक पोरगा बसला होता, उद्धट, भित्रा, थापाड्या आणि इतका गोड की त्याला काहीही द्यावं. मी मोठ्यानं हसले. बाईही हसल्या. त्या आनंदात मी म्हटलं, “आता आई म्हणा. माझ्यासाठी.”

त्या उठल्या. टेबलाला हात टेकला, खांदे खाली सोडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सादीस, सिनोक.”

तोच पोरगा होता. तोच आवाज, तीच किंचित तडकणारी कड. इतके दिवस ऐकून मला जो कधी ऐकू आला नव्हता, तो आता ऐकू आल्यावाचून राहीना. मी गालाचं आतलं मांस दातात धरलं आणि चेहरा दगडासारखा ठेवला. बाई पुढच्या वाक्यावर थांबल्या.

“तुलाही ससा ऐकू आला,” त्या म्हणाल्या.

“नाही हो. अजिबात नाही.”

चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी माझी कपबशी उचलली, स्वतःची उचलली, सिंकमध्ये नेऊन ठेवली.

“तू एकटीच उरली होतीस,” त्या म्हणाल्या, आणि नातीची बस यायची वेळ झाली म्हणून चपला घालून खाली गेल्या.