भटूचा डावा कान

गेल्या वर्षी श्रावणात, खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, जळगावच्या माझ्या स्टुडिओत मी सोनगीरच्या एका बेपत्ता माणसाच्या फोटोवरून चित्र तयार केलं. चित्रातल्या माणसाचा डावा कान वरच्या बाजूने तुटलेला होता. फोटोतला कान पूर्ण होता.

मी पूर्वी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. दोन स्वतंत्र माणसांनी सांगितल्याशिवाय बातमी पुढे सोडायची नाही, ही तिथली सवय. या सदरात येणारे अनुभव मी आजवर एकाच माणसाने सांगितलेल्या गोष्टी म्हणूनच वाचत आलो. माझाही तसाच वाचावा. फक्त यात दुसरा माणूस आहे, तो पुढे येईल.

आता मी फोटोंची चित्रं करतो. सॉफ्टवेअरमध्ये फोटो फिका करून खाली ठेवायचा, वर नव्या थरावर पेनने चेहऱ्याची रेषा काढायची, मग सपाट रंग भरायचे, शेवटी खालचा फोटो काढून टाकायचा. लग्न, वाढदिवस यांसाठी लोक करून घेतात. गेलेल्या माणसांसाठीही. त्यात कपाळावर गंध आणि गळ्यात हार मीच काढून देतो.

सोनगीरचे नाना आले ते अशाच कामासाठी. धाकटा भाऊ भटू सुरतला ट्रकवर हमालीला होता. तिथून तो बेपत्ता झाला, त्याला तीन वर्षं होत आली होती. नानांनी लग्नातल्या ग्रुप फोटोतला त्याचा चेहरा दाखवला.

“हार टाका, गंध लावा,” ते म्हणाले. “पोलीस थकले, आम्हीबी थकलो. कानबाईच्या आधी पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. भटूची बायको, सुनंदा.

“भाऊ, हार टाकला का?”

“अजून नाही.”

“नका टाकू ना... हार चढला की माझं कुंकू गेलं. रोटातली त्यांची मूठबी गेली.”

आपल्याकडे कानबाईच्या नैवेद्याचे रोट करताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळायला काढतात. गेलेल्याची मूठ काढत नाहीत. मी तिला सांगितलं, काम नानांचं आहे, मी बदल करू शकत नाही. तिने फोन ठेवला.

मी चित्र पूर्ण केलं. खालचा फोटो काढला आणि कान दिसला – वरची कड नाही, रेषा दातेरी. माझा हात चुकला असेल म्हणून फोटो परत लावला, मोठा करून पाहिला. कान धड. कानामागे कुणाचा फेटा नाही, सावली नाही. रेषा पुसून नव्याने काढली, सेव्ह केली. सकाळी फाइल उघडली तर कान पुन्हा तुटलेला. रेषेचा थर बंद केला. रंगाच्या थरातही तोच तुकडा गायब.

धुळ्याला माझा मित्र कैलास हेच काम करतो. त्याला मी काहीही न सांगता फक्त मूळ फोटो पाठवला आणि म्हटलं, तुझ्या पद्धतीने करून दे. संध्याकाळी त्याचाच फोन आला.

“कोण आहे रे हा? कानाला कुत्रं चावलंय का?”

“फोटोत बघ.”

थोडा वेळ फक्त माऊसचे आवाज. मग तो म्हणाला, “थांब... फोटोत कान आहे.”

“हो.”

“मग मी काय काढलंय?”

त्याने पाठवलेलं चित्र मी माझ्या चित्राशेजारी ठेवलं. रंग वेगळे, रेषेची जाडी वेगळी. तुटलेला भाग एकच.

मला एकच शक्यता सुचली. भटूचा कान खरोखर तुटका असेल आणि लग्नाच्या फोटोग्राफरने तो सुधारून दिला असेल; त्या दुरुस्तीचा काहीतरी माग फाइलमध्ये राहिला असेल. हे घरच्यांनाच विचारायला हवं होतं. मी चित्र तसंच छापलं, हार-गंधासकट, फ्रेम केलं आणि स्वतः सोनगीरला घेऊन गेलो.

त्या दिवशी घरात दळणाचे गहू निवडून ठेवले होते. भटूची आई, अक्का, सुपापाशी बसली होती. सुनंदा दाराला टेकून उभी होती. तिने फ्रेमकडे पाहिलं, हार पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली.

नानांनी फ्रेम अक्काच्या पुढ्यात धरली. तिने बराच वेळ पाहिली, मग अहिराणीत विचारलं,

“हाऊ कोन शे?”

“भटू शे, अक्का.”

“मना भटू नै हाऊ. मना भटूना कान धड व्हता.”

मी विचारलं, लहानपणी काही लागलं होतं का, फोटोत दुरुस्ती केली होती का. अक्का माझ्यावरच उखडली. “मी न्हाऊ घालेल शे तेले. माले इचारस?”

“चित्र शे ते,” नाना म्हणाले. “थोडंफार इकडंतिकडं व्हस.”

“कान इकडंतिकडं व्हत नै, नाना. परका मानूसले हार घालीसन मना घरमा टांगशी का?”

नाना माझ्याकडे वळले. “दुरुस्त करून आणा.”

मी खरं तेच सांगितलं. दुरुस्त केलं, होत नाही.

अक्काने फ्रेम पालथी करून बाजूला सारली आणि हाक मारली, “सुनंदा, भटूनी मूठ काढ.”

सुनंदाने सव्वा मूठ गहू काढले. थोडे दाणे खाली सांडले, ते तिने वेचून घेतले. नानांनी तिला थांबवलं नाही. फ्रेम मी परत आणली.

शिमग्याच्या सुमारास नानांचा फोन आला. सुरतच्या बाहेर बेवारस लोकांना ठेवतात अशा एका आश्रमात, जेवण वाटायला गेलेल्या सोनगीरच्याच एका माणसाने भटूला ओळखलं होतं. डोक्याला मार लागलेला, आठवण गेलेली. डाव्या कानाची वरची कड नाही. आश्रमातले लोक म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला तेव्हाच ती जखम भरलेली होती. म्हणजे नाना माझ्याकडे फोटो घेऊन आले, त्याच्या बरंच आधी. कान कसा तुटला हे त्याला सांगता येत नाही. मला आणि कैलासला तो कसा दिसला, हे आम्हाला सांगता येत नाही.

मी सोनगीरला जाऊन भटूला पाहिलं. त्याच्या कानाचा फोटो काढला आणि तो दोन्ही चित्रांवर ठेवला. रेषा जुळते.

भटू आता घरी आहे. आईला त्याने ओळखलेलं नाही, नानांनाही नाही. सुनंदाला तो ‘ताई’ म्हणून हाक मारतो. ती ओ देते.